लिंबूटिंबूचा सिनेमा

आमच्या खेळात दादा बॅटमॅन आणि मी रॉबिन. हे कुणी ठरवलं नव्हतं. तो साडेतीन वर्षांनी मोठा, एवढं कारण पुरेसं होतं. घरात काळा टॉवेल एकच, तो त्याच्या खांद्यावर. माझ्या वाट्याला उशीची पिवळी खोळ, गळ्याशी सेफ्टी पिनेनं अडकवलेली. कामं मला दोनच. दाराआड कुणी लपलंय का ते बघून यायचं, आणि परत येऊन विचारायचं, ‘आता काय करायचं, बॅटमॅन?’ मी विचारलं नाही तर त्याला योजना सुचायची नाही. मोठी मुलं खेळायला आली की मी लिंबूटिंबू. म्हणजे खेळात आहे, पण आउट होत नाही. पळते, पण कुणी पकडायला येत नाही.

दादा होस्टेलला गेला आणि टॉवेल मागे राहिला. एका दुपारी मी तो पांघरला, पलंगावर चढले, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. योजना डोक्यात तयार होती. चांगली होती. पण सांगायची कुणाला? दाराआड बघून यायलाही कुणी नव्हतं. जेमतेम पाच मिनिटं तशी उभी राहिले असेन. मग टॉवेलची घडी करून ठेवून दिली.

कॉमिक्समधल्या दुय्यम पात्राचा स्वतंत्र सिनेमा येणार अशी बातमी आली की मला ती पाच मिनिटं आठवतात.

मी सबटायटल्स लिहिते. मोठे सुपरहीरो सिनेमे माझ्याकडे येत नाहीत, माझ्याकडे येतात माहितीपट आणि छोटे चित्रपट. पण सवय अशी लागलीय की घरी लोळत सिनेमा बघतानाही डोक्यात दोन ओळी उमटतच राहतात. आणि इंग्रजीतून मराठीत येताना पहिला प्रश्न शब्दार्थाचा नसतोच. कोण कुणाशी बोलतंय, हा असतो. इंग्रजीत एकच ‘यू’. मला मात्र दर वेळी ठरवावं लागतं, तू की तुम्ही? ते ठरवण्यासाठी दोघांचं नातं कळावं लागतं. त्यामुळे मी सिनेमा बघते तो माणसांच्या जोड्या लावत.

साइडकिकचा, म्हणजे हीरोच्या मागेमागे असणाऱ्या जोडीदाराचा, जन्मही नेमका याच गरजेतून झालाय. बॅटमॅन १९३९ मध्ये आला तेव्हा एकटा होता. एकट्या माणसाच्या गोष्टीत लेखकाला सगळं त्याच्या डोक्यातल्या विचारांच्या फुग्यात लिहावं लागतं. त्या गोष्टी लिहिणारा बिल फिंगर याला कंटाळला. होम्सला जसा वॉटसन, तसा याला बोलायला कुणीतरी हवा, असं त्याचं म्हणणं. एप्रिल १९४० च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ३८ व्या अंकात डिक ग्रेसन हा सर्कशीतला पोरका मुलगा आला आणि रॉबिन झाला. रॉबिन हे नाव पक्ष्यावरून घेतलं असं मी कित्येक वर्षं समजत होते. ते रॉबिन हूडवरून आहे. लाल बंडी आणि पिवळा झगाही त्याच वळणाचा. अंकांचा खप वाढला आणि वर्षभरात ज्याच्यात्याच्या मागे एक पोरगा दिसू लागला. कॅप्टन अमेरिकाला तर १९४१ च्या पहिल्याच अंकात बकी मिळाला.

म्हणजे हे पात्र घडवलंच गेलं ते दुसऱ्याला बोलतं करण्यासाठी. त्याने विचारायचं, चुकायचं, पकडलं जायचं, ‘बापरे’ म्हणायचं. या प्रकाराला मराठी शब्द शोधण्यात मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली होती. ‘साथीदार’ म्हटलं की चोराचा वाटतो. ‘चेला’ म्हटलं की थट्टा होते. ‘उजवा हात’ पुढाऱ्याचा. मनातून मला ‘झीलकरी’ आवडला होता: शाहिराच्या मागे उभा राहून झील धरणारा. त्याच्याशिवाय पोवाड्याला दम येत नाही, आणि पोवाड्यावर नाव मात्र शाहिराचं. शेवटी ‘साइडकिक’च लिहिलं. वाचणाऱ्याला दोन सेकंदांत कळायला हवं ना.

तर आता या झीलकऱ्याला एकट्यालाच मंचावर उभं करायचंय. पटकथा लिहिणाऱ्यांपुढचं पहिलं कोडं हेच, की ज्याच्यासाठी हा घडला तो मोठा माणूस कुठे गेला?

१९८४ च्या ‘सुपरगर्ल’ने या कोड्याचं उत्तर दिलं ते असं, की सुरुवातीला रेडिओवर बातमी लागते. सुपरमॅन शांततेच्या कामगिरीवर दूरच्या आकाशगंगेत गेलाय. संपला विषय. खरी गोष्ट अशी की सुपरमॅनचं काम करणारा क्रिस्टोफर रीव्ह त्यात छोट्या भूमिकेत दिसणार होता आणि मग त्याने नकार दिला. उरलं काय, तर वसतिगृहाच्या खोलीत भिंतीवर लावलेलं त्याचं पोस्टर, आणि जुन्या सिनेमांतून आलेला सुपरमॅनचा दोस्त जिमी ऑल्सन. सुपरगर्ल झालेली हेलन स्लेटर बिचारी मन लावून उडते. अगदी हलकी, पाण्यात तरंगल्यासारखी, मला ते अजूनही आवडतं. पण मोठा भाऊ कुठे आहे, यावर तिला काही वाटतच नाही. रेडिओने सांगितलं म्हणजे झालं!

मला याचा राग येतो कारण कॉमिक्समध्ये हाच धागा किती टोकदार होता. १९५९ मध्ये सुपरगर्ल पहिल्यांदा पृथ्वीवर उतरते तेव्हा सुपरमॅन काय करतो? आपल्या सख्ख्या चुलत बहिणीला, अख्ख्या ग्रहातून वाचलेल्या पोरीला, अनाथाश्रमात ठेवतो. तू माझं गुपित शस्त्र, म्हणे. शक्ती लपव, विग घाल, मी सांगेन तेव्हा ये. जगाला ती माहीत होते १९६२ मध्ये. तीन वर्षं! या एवढ्यावर सिनेमा उभा राहिला असता. एका बाजूला जगावर माया करणारा देवमाणूस, आणि दुसऱ्या बाजूला त्याने कोपऱ्यात ठेवलेली, त्याचीच वाट बघणारी मुलगी.

गैरहजेरी दोन तऱ्हेची असते. एक, पटावर नाव आहे पण आज मुलगा आलेला नाही. त्याचं बाक रिकामं दिसतं, हजेरी घेताना नाव पुकारलं जातं, सगळे वळून बघतात. दुसरी, पटावरून नावच काढून टाकलेलं. मग बाकही नसतं. पहिल्या तऱ्हेच्या गैरहजेरीतून गोष्ट निघते. दुसरीतून भोक पडतं, आणि ते बुजवायला भलभलतं काहीतरी कोंबावं लागतं.

२००४ ची ‘कॅटवूमन’ ही दुसरी तऱ्हा. मूळची कॅटवूमन सेलिना काइल १९४० मध्ये ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात आलेली, म्हणजे रॉबिनच्याच वयाची. या सिनेमात बॅटमॅन नाही, त्याचं गॉथम शहर नाही, आणि गंमत म्हणजे सेलिनाही नाही. आहे ती पेशन्स फिलिप्स, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीतली डिझायनर. संकट आहे चेहऱ्याला लावायच्या क्रीमचं. दहा कोटी डॉलर खर्चून आठ कोटींच्या आसपास कमाई. नायिका हॅले बेरी वाईट अभिनयाचा रॅझी हा थट्टेचा पुरस्कार घ्यायला हातात ऑस्कर घेऊन हजर राहिली, हा त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात दिलखुलास क्षण. १९९७ चा ‘स्टील’ त्याहून केविलवाणा. कॉमिक्समधला जॉन हेन्री आयर्न्स सुपरमॅन मेल्यावर त्याची जागा चालवायला पुढे आलेल्या चौघांपैकी एक. चिलखतावर त्याचं चिन्ह, मनात त्याचं ऋण. सिनेमाने सुपरमॅनच काढून टाकला. राहिला चिलखत घातलेला बास्केटबॉलपटू शकील ओनील. ऋण कुणाचं, कशाचं, काही नाही.

कॉमिक्सला हे प्रयोग परवडतात, ही गोष्ट खरी. कागद स्वस्त. जिमी ऑल्सनचं स्वतःचं मासिक १९५४ ते १९७४ चाललं, १६३ अंक. मासिकाचं नाव बघा, ‘सुपरमॅन्स पाल जिमी ऑल्सन’. स्वतःच्या पाटीवरही आधी मालकाचं नाव, मग आपलं. त्यात जिमी कधी कासव झाला, कधी रबरासारखा लांब झाला, कुणाचं काही बिघडलं नाही. १९७० मध्ये लेखक-चित्रकार जॅक कर्बीने ते मासिक हाती घेतलं आणि त्याच्या १३४ व्या अंकात पहिल्यांदा डार्कसाइड दिसला. त्या सगळ्या विश्वातला सगळ्यात भयंकर खलनायक, आणि त्याचं पाऊल पहिल्यांदा पडलं लिंबूटिंबूच्या अंगणात. कारण तिथे कुणाचं लक्ष नव्हतं. सिनेमात असं लक्ष नसलेलं अंगण मिळत नाही. शिवाय कागदावर बॅटमॅन दोन चौकटींपुरता डोकावला तर चित्रकाराला तेवढीच शाई जास्त. पडद्यावर डोकावायचं तर नटाच्या तारखा, करार, मानधन. २०१९ च्या ‘शझाम’च्या शेवटी सुपरमॅन येतो तो गळ्यापर्यंतच. त्याचं डोकं चौकटीत येतच नाही. थिएटरात सगळे हसले, मीही हसले. सबटायटल करायचं असतं तर मला काही काम नव्हतं, कारण डोकंच नाही तर बोलणार कोण.

कोडं सोडवायचे चोरवाटेचे मार्गही आहेत. डेडपूल मुळात १९९१ मध्ये ‘न्यू म्यूटन्ट्स’मध्ये दुसऱ्यांच्या गोष्टीत आलेला भाडोत्री मारेकरी. २०१६ मध्ये त्याला स्वतःचा सिनेमा मिळाला तेव्हा त्याने थेट प्रेक्षकाशीच गप्पा सुरू केल्या. साइडकिक कोण? आपण. खुर्चीत बसलेलो. ‘पुढे काय?’ आपण विचारायचं, तो सांगणार. पाच कोटी ऐंशी लाख डॉलरांत काढलेल्या सिनेमाने अठ्ठ्याहत्तर कोटींच्या आसपास मिळवले.

‘व्हेनम’ने तर मला खोटं पाडलं. २०१८ मध्ये तो आला तेव्हा मी छातीठोकपणे सांगत होते की हा आपटणार. कारण व्हेनम म्हणजे स्पायडरमॅनने अंगावरून उतरवून टाकलेला जिवंत पोशाख. त्या नकाराचा राग आणि तो ज्याच्या अंगात शिरतो त्या एडी ब्रॉकचा राग एकत्र होऊन तो बनलाय. स्पायडरमॅनच नाही तर राग कुणावर? छातीवरचं कोळ्याचं चिन्हसुद्धा सिनेमात नाही. पटावरून नाव काढलं, बाकही काढलं. आणि सिनेमाने पंचाऐंशी कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

डोकं खाजवत दुसऱ्यांदा बघितला आणि मग उमगलं. यात एकटा कुणी नाहीच. टॉम हार्डी एडीही आहे आणि त्याच्या अंगातला तो चिकट आवाजही तोच. दोघं सतत भांडतायत. हीरो आणि साइडकिक एकाच कातडीत, आणि कोण कुणाचा साइडकिक हे शेवटपर्यंत ठरत नाही. तो आवाज स्वतःला ‘वी’ म्हणतो. इंग्रजीत एक शब्द. मराठीत मला विचारा! एडीशी बोलताना ते ‘आपण’ होईल, आणि समोरच्या गुंडाशी बोलताना ‘आम्ही’. त्या एका फरकात दोघांची सगळी प्रेमकहाणी बसलेली आहे. इंग्रजीला ती दिसत नाही याचं मला थोडं बरंही वाटलं.

‘व्हेनम’ काढणाऱ्याच कंपनीने मग स्पायडरमॅनच्या गोतावळ्यातली बाकीची पात्रं एकेकटी बाहेर काढली, २०२२ मध्ये ‘मॉर्बियस’, २०२४ मध्ये ‘मॅडम वेब’ आणि ‘क्रेव्हन’. ‘मॅडम वेब’मध्ये बोलायला तीन मुली होत्या, म्हणजे बोलायला कुणी असलं की झालं असा माझा नियमही पुरा पडत नाही, हे कबूल. पण त्यातली एक जागा बघा. पीटर पार्कर, म्हणजे पुढे होणारा स्पायडरमॅन, त्यात जन्माला येतो. बाळाचं नाव ओळखण्याचा खेळ चाललाय, आणि नाव काही उच्चारलं जात नाही. शेवटपर्यंत नाही. पटावर नाव आहे पण पुकारायची बंदी! मी टीव्हीसमोर बसून मोठ्याने ‘पीटर’ म्हटलं, कुणीतरी म्हणायला हवं म्हणून.

ज्या सिनेमाबद्दल मला खरं लिहायचं होतं तो ‘बर्ड्‌ज ऑफ प्रे’, २०२०.

त्याची नायिका हार्ले क्विन, आणि तिची गोष्ट मुळात उलटी. ती कॉमिक्समधून आलीच नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये बॅटमॅनच्या कार्टून मालिकेतल्या एका भागासाठी पॉल डीनी आणि ब्रूस टिम यांनी जोकरच्या टोळीत एक विदूषकीण घातली. एका भागापुरती. ती राहिली, मागाहून कॉमिक्समध्ये शिरली, आणि आता तिच्याशिवाय जोकरच अपुरा वाटतो. खलनायकाचीही साइडकिक असते आणि तिचं दुःख जास्त काळं असतं, कारण तिला वाचवायला कुणी येत नाही. ज्याने वाचवायचं तोच मारतो.

सिनेमा सुरू होतो तो जोकरने तिला हाकलल्यावर. आणि ती हे कुणाला सांगत नाही. सगळ्यांना वाटतंय अजून ती त्याचीच आहे, म्हणून कुणी तिच्या अंगाला हात लावत नाही. मग एका रात्री ती टँकर घेऊन थेट त्या रसायनांच्या कारखान्यात घुसवते, जिथे त्यांचं ‘लग्न’ लागलं होतं म्हणायचं. आकाशात रंगीत स्फोट. प्रेम संपल्याची जाहीर नोटीसच. दुसऱ्या सकाळी अख्खं गॉथम तिच्या मागे लागतं. ज्यांचे ज्यांचे म्हणून हिशेब राहिले होते ते सगळे. पडद्यावर एकेकाचं नाव आणि तक्रार झळकते.

जोकर सिनेमात जवळजवळ नाहीच. तोंड दिसत नाही. पण त्याचं रिकामं बाक प्रत्येक दृश्यात आहे. त्याच्या सावलीत ती बंदिवान होती आणि सुरक्षितही होती, आणि दोन्ही एकदमच गेलं. मोठ्या नावामागे उभं राहणाऱ्याला ऊन लागत नाही, पाऊसही नाही. बाहेर पडलं की दोन्ही. हे ज्यांनी लिहिलं त्यांना साइडकिक म्हणजे काय ते कळलंय. आणि ते सँडविचचं दृश्य! एकटीसाठी, स्वतःच्या पैशाने, तिला हवं तसं अंड्याचं सँडविच. ती त्याच्याकडे प्रियकराकडे बघावं तशी बघते. पुढे ते हातातून निसटतं तेव्हा मला जेवढं वाईट वाटलं तेवढं काही सुपरहीरोंच्या मरणाचंही वाटलं नव्हतं.

तक्रार एकच, पण ती मी सोडणार नाही. त्यातली खिसेकापू मुलगी म्हणजे कॅसॅन्ड्रा केन. कॉमिक्समध्ये १९९९ मध्ये आलेली ही कॅसॅन्ड्रा म्हणजे मला आजवर वाचलेल्या पात्रांत सगळ्यात जवळची. तिच्या बापाने तिला भाषेशिवाय वाढवलं. समोरच्याची हालचाल वाचायची, एवढीच तिची भाषा. ती बॅटगर्ल झाली, २००० मध्ये तिला स्वतःचं मासिक मिळालं आणि ते ७३ अंक चाललं. जिला शब्दच नाहीत अशी नायिका! बोलायला कुणी हवं म्हणून जन्मलेल्या जातकुळीत ही न बोलणारी निपजली. आणि सिनेमाने तिला चुरूचुरू बोलणारी चिमुरडी करून टाकलं. ‘लोगन’ या वूल्व्हरिनच्या सिनेमातल्या लॉराने दाखवलं होतं की हे पडद्यावर कसं साधतं. २०१७ चा तो सिनेमा, ती मुलगी बराच वेळ तोंडच उघडत नाही, नुसती बघते, आणि एकदाची बोलायला लागते ती स्पॅनिशमध्ये, थांबायलाच तयार नाही. शेवटी वूल्व्हरिनच्या थडग्यावरचा क्रूस ती उचलून तिरपा रोवते. इंग्रजी एक्स, ‘एक्स-मेन’मधला. एक अक्षर, आणि भाषांतराची गरज नाही. मला वाटलं होतं आता तिचा सिनेमा येणार. तो आला नाही. लॉरा परत दिसली ती २०२४ मध्ये, दुसऱ्या दोघांच्या सिनेमात पाहुणी म्हणून.

‘बर्ड्‌ज ऑफ प्रे’ चालला नाही, वीस कोटी डॉलरांच्या आसपास अडकला. पहिल्या वीकेंडनंतर थिएटरांनी नाव फिरवून हार्ले क्विनचं नाव पुढे आणलं, तरी नाही. शेवटी हार्ले आणि ती मुलगी गाडीतून निघून जातात. हार्लेला आता स्वतःची चेली आहे. २०२५ मध्ये सॅम विल्सन कॅप्टन अमेरिका म्हणून एकट्याचा सिनेमा घेऊन आला तेव्हाही हेच. १९६९ पासून कॅप्टनच्या बाजूला उडणारा फाल्कन, आता ढाल त्याच्या हातात, आणि पंख घालून त्याच्या बाजूला उडणारा नवा पोरगा, होआकिन टोरेस. बढती मिळाल्याबरोबर साइडकिकला साइडकिक लागतो. तो पोरगा जायबंदी होतो तेव्हा हॉस्पिटलात सॅमशी बोलायला येतो बकी. दोन जुने झीलकरी, शाहीर गेल्यावर मागे राहिलेले. त्या सिनेमातलं तेवढंच दृश्य माझ्या लक्षात आहे, बाकी सगळं लाल रंगाचं काहीतरी.

आणि रॉबिन? पहिला, सगळ्यांचा बापजादा. त्याला अजून स्वतःचा मोठा सिनेमा नाही. पंचाऐंशी वर्षं झाली.

त्याच्यावर जे जे गुदरलं त्याची यादी मात्र मोठी आहे. १९८४ मध्ये डिकने रॉबिनचा पोशाख उतरवला आणि तो नाइटविंग झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंदाने उशीत तोंड खुपसलं होतं, अखेर याला स्वतःचं नाव! नंतर कळलं की तेही उसनंच. १९६३ च्या एका गोष्टीत सुपरमॅनने एकदा ‘नाइटविंग’ हे नाव घेतलं होतं, सोबत फ्लेमबर्ड बनलेला जिमी. म्हणजे बॅटमॅनचं घर सोडलं आणि सुपरमॅनचं जुनं नाव अंगावर घेतलं. मोठ्या भावाचे कपडे नकोत म्हणून शेजारच्या दादाचे घालावेत तसं.

डिकच्या जागी जेसन टॉड आला. तो वाचकांना आवडेना, म्हणून १९८८ मध्ये मतदान घेतलं. दोन फोन नंबर छापले, एक जगवायला, एक मारायला. एका फोनला पन्नास सेंट. ५,३४३ विरुद्ध ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा मेला. मोठ्या हीरोच्या बाबतीत असा फोन लावून बघण्याची कुणाची हिंमत झाली असती? दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ‘तू कुठला नंबर फिरवला असतास?’ उत्तर द्यायला मला लागला त्यापेक्षा कमी वेळ लागायला हवा होता.

नाइटविंगचा सिनेमा करणार असं २०१७ मध्ये जाहीर झालं होतं, दिग्दर्शक म्हणून क्रिस मकेचं नाव होतं. काही झालं नाही. २०१८ च्या ‘टायटन्स’ मालिकेत डिक बऱ्यापैकी जमला होता, पण ती पुन्हा टोळीची गोष्ट. आणि ‘बॅटगर्ल’चं तर विचारू नका. लेस्ली ग्रेस नायिका, शूटिंग पूर्ण, नऊ कोटी डॉलर खर्च झालेले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये स्टुडिओने सांगितलं की हा सिनेमा कुठेच दाखवायचा नाही. ना थिएटरात, ना घरी. करात मिळणाऱ्या सुटीची चर्चा तेव्हा सगळीकडे छापून आली. झालेला सिनेमा फडताळात. त्या लोकांच्या सबटायटल करणाऱ्यांनीही काम केलं असेल का, हा विचार मला त्या आठवड्यात सतावत होता.

रॉबिनच्या या अवस्थेवर सगळ्यात नेमकं बोट ठेवलं ते एका कार्टूनने. २०१८ च्या ‘टीन टायटन्स गो! टु द मूव्हीज’मध्ये रॉबिनला स्वतःचा सिनेमा हवाय आणि सगळे त्याला हसतात. सिनेमे येतायत ते कुणाकुणावर? बॅटमॅनच्या बटलरवर. त्याच्या गाडीवर. त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर! मी हसून हसून लोळले. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड बटलरच्या तरुणपणावर खरोखरीची मालिका आली आणि मी पुन्हा लोळले, पण जरा कमी.

मग मी स्वतःच लिहायला घेतला. पूर्ण नाही, एक दृश्य. दुसरं शहर, भाड्याची खोली, डिक नवा पोशाख शिवत बसलाय. सुई बोटात टोचते. रॉबिनच्या पोशाखाचे रंग त्याने निवडले नव्हते, आता निवडायचेत आणि निवडता येत नाहीत. तो फोन उचलतो आणि त्या घराचा नंबर फिरवतो. पलीकडे उचलला जातो. आणि इथे मी अडकले. पहिलं वाक्य ‘तुम्ही’ने सुरू होणार की ‘तू’ने? आठ वर्षांचा सर्कशीतला पोरगा त्या घरात शिरला तेव्हा ‘तुम्ही’च म्हणाला असणार. पण मधल्या वर्षांत कधीतरी, एखाद्या गच्चीवर, रक्त पुसताना, ते ‘तू’ झालं असेल. की झालंच नसेल, म्हणून घर सोडलं? इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हा त्रास नाही. मी आठ दिवस त्या एका वाक्यावर होते. मग कर्ता गाळून लिहायला लागले, जसं आपण सासरच्या नव्या माणसांशी बोलताना करतो, ‘जेवण झालं का’, ‘येणं कधी होणार’. ते डिकच्या तोंडी भयंकर वाटत होतं, आणि बरोबरही.

दादाला दृश्य पाठवलं. त्याने रात्री फोन केला.

‘मी कुठे आहे यात?’

‘फोनच्या पलीकडे.’

‘डायलॉग किती?’

‘अजून लिहिलेले नाहीत. तू काय म्हणशील ते सुचत नाहीये.’

‘काहीच म्हणणार नाही. बॅटमॅन आहे तो. उचलेल आणि ऐकत बसेल. याला बोलू दे.’

‘मग सबटायटल काय देऊ? मधे बारा सेकंद रिकामी जातायत.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तू कंसात लिहितेस ना, दार वाजतं, पाऊस पडतो, तसं? तसं लिही. पलीकडे श्वासाचा आवाज.’